दिवा लागला म्हणजे बरोबर

रहिमतपुरात संध्याकाळ झाली की लालासाहेबांच्या ओसरीवर पोरांची झुंबड उडायची. कारण होतं प्रश्नांची पेटी. पेटीवर कार्ड बसवायचं, तारेचं एक टोक प्रश्नावर आणि दुसरं उत्तरावर टेकवायचं. उत्तर बरोबर असलं की लाल दिवा लागायचा. फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या लालासाहेबांनी ती सांगलीच्या दुकानातून आणली होती. स्वतः ते चौथीपर्यंतच शिकलेले, पण पोरांना शिकवायची हौस दांडगी.

शेजारच्या केरबानं त्यांना बाजारातली नकली पेटी सुचवली होती.

"दिवा त्योच, तारा त्याच. निम्म्यात येती, हवालदार!"

"चोरीच्या मालावर पोरं शिकवू व्हय रं? गप घरला जा."

अस्सल मालाची त्यांनी निगाही तशीच ठेवली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पितळेची पट्टी होती, तिच्यावर बारीक उंचवटा. दर रविवारी कमरेच्या पट्ट्याचं बक्कल घासायला बसले की ते या पट्ट्याही चिंच-राखेनं घासून काढत. फौजेतली सवय, पितळ काळं पडलेलं त्यांना बघवतच नसे.

एका संध्याकाळी शालू आली ती हात पाठीमागं धरून. सातवीतली ही पोर ओसरीवरची सगळ्यांत हुशार. तिची स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली होती.

"काय गं, हाताला काय झालं?"

तिच्या वर्गातल्या नाथाजीला राहवेना.

"आबा, गुरुजींनी छड्या दिल्या तिला. सूर्याच्या सगळ्यात जवळचा ग्रह कुठला, तर म्हणली शुक्र. गुरुजी म्हणले, बुध. तर ही उलट बोलली!"

"उलट न्हाई बोलले," शालू उसळली. "मी म्हणलं, आबांच्या पेटीत शुक्रावर दिवा लागतो. आबा खोटं कशाला शिकवतील? सगळा वर्ग हसला."

लालासाहेबांना आठवलं. गेल्याच आठवड्यात याच पोरीनं आधी तारेचं टोक बुधावर टेकवलं होतं. दिवा लागला नव्हता. त्यांनीच तिचा हात धरून खाली शुक्रावर नेला होता आणि दिवा लागल्यावर म्हणाले होते, "बघ, दिवा लागला म्हणजे बरोबर. ध्यानात ठेव."

त्यांनी नद्यांचं कार्ड बसवलं. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम कुठं? हे काही पुस्तकातून शिकायला नको होतं. बापाच्या अस्थी त्यांनी माहुलीलाच सोडल्या होत्या. त्यांनी तार माहुलीवर टेकवली. अंधार. तिच्या खालच्या कराडवर टेकवली आणि दिवा लख्ख लागला.

पोरांनी टाळ्या पिटल्या. सवयच तशी लागली होती.

दुसऱ्या दिवशी पेटी धोतरात गुंडाळून त्यांनी एसटीनं सांगली गाठली. दुकानदार आप्पासोंनी कार्ड उलटंसुलटं केलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"हवालदारसाहेब, कार्डं नकली हायती का?"

"तुमच्याच हातनं घेतल्यात."

"मग पट्टीवरचा उंचवटा कुठं गेला? कशानं घासली?"

"चिंच आणि राख. पितळ हाय, घासायला नको?"

आप्पासो हसले. "हितंच घोटाळा झाला. आवं, त्या उंचवट्यानं आतला खटका दाबला जातो. नकली कार्डाला तसा उंचवटा नसतो, मग खटका दबत न्हाई आणि सगळी उत्तरं एक घर खाली सरकतात. चोरानं विकलेलं कार्ड खोटं ठरतं. कंपनीनं लय डोकं चालवलंय बघा!"

"म्हंजे पेटीला खोटं बोलायला कंपनीनंच शिकवलंय?"

"चोरासाठी हो."

"चोर कुठं बसलाय पेटी म्होरं? पोरं बसल्यात! नुसता दिवा बंद पडला असता तर मला कळलं असतं, पेटी बिघडली. खोटा दिवा कशाला लावला?"

आप्पासोंनी फडक्यानं काऊंटर पुसला. "घासलेली कार्डं कंपनी बदलून देत न्हाई," ते हळूच म्हणाले. "नवीन संच घ्या. मी माझा नफा सोडतो."

लालासाहेबांनी पेटी पुन्हा गुंडाळली. "नकली पेटीला असला खटका असतो का हो?"

"त्यांना कुठला परवडतोय खटका?"

परतीच्या एसटीत शेजारचा माणूस तंबाखू पुढं करत होता. त्यांचं लक्षच गेलं नाही. फौजेत दुष्मनानं फसवलं, तर त्याचं वाईट वाटत नाही, ते त्याचं कामच असतं. ही पेटी त्यांनी दाम मोजून घरी आणली होती. आणि तिच्या खोटेपणावर त्यांनी रोज आपल्या तोंडानं 'बरोबर' म्हणून शिक्का मारला होता.

संध्याकाळी ओसरीवर त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

मग शालूनं विचारलं, "आबा, मग तुमी आजवर सांगितलेलं खरं कंचं आणि खोटं कंचं?"

"ते मला सांगता येत न्हाई, पोरी."

"परीक्षा तर आलीया."

"उद्या शाळेची पुस्तकं घेऊन या. एकेक करून बघू."

दुसऱ्या दिवशी नाथाजी आलाच नाही. बरीचशी पोरं आली नाहीत. शालू आली, पुस्तक मांडीवर घेऊन बसली. लालासाहेबांनी विचारलं, तिनं उत्तर दिलं. "बरोबर," ते म्हणाले.

शालूनं मान हलवली आणि पानं चाळून ते उत्तर शोधलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं, मगच म्हणाली, "व्हय. पुढचं विचारा."

प्रत्येक प्रश्नाला तिनं तसंच केलं. लालासाहेब दरवेळी तिचं बोट ओळीपर्यंत पोचेस्तोवर थांबत राहिले.