सोलांजच्या हातचं सूप

फ्रान्समधल्या दिएपच्या बंदराजवळ एका भाड्याच्या घरात शूटिंग चाललं होतं. सिनेमा जरा विचित्रच होता. एक बाई नवऱ्यांना एकामागून एक विष घालून मारते आणि मेलेले नवरे रोज जेवायला येऊन तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. बाईचं काम सोलांज करत होती. तिचा खरा नवरा आन्सेल्म सेटवरचं सामान सांभाळायचा. विषाचं म्हणून दाखवायचं माशांचं सूपही तोच करायचा.

सिनेमातला तिसरा नवरा तिबो. त्याच्यापुढे वाडगा ठेवताना सोलांज ज्या नजरेनं बघायची, ती नजर आन्सेल्मच्या वाट्याला लग्नाच्या दिवशीसुद्धा आली नव्हती.

“जरा कमी प्रेमानं बघ की. मारायचंय ना त्याला?” तो एकदा म्हणालाच.

“प्रेमानंच मारायचंय,” ती आरशात बघतच म्हणाली.

त्या दुपारी त्यानं सूपमध्ये मूठभर मीठ टाकलं, वर अर्धी बाटली तिखट सॉस. तिबोला ठसका लागावा, सगळ्यांनी त्याला हसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पहिल्याच चमच्याला तिबोचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले. पण सोलांजवरची नजर न काढता त्यानं वाडगा संपवला आणि घोगऱ्या आवाजात आपलं वाक्य म्हटलं, “आज छान जमलंय गं.”

कोणी हसलं नाही. दिग्दर्शिका मारीव्हॉन डोळे पुसत म्हणाली, “विष आहे हे कळूनही खातोय हा माणूस. तिबो, पुन्हा एकदा घेऊ या.”

“नवीन सूप करतो,” आन्सेल्म घाईघाईनं पुढे झाला.

“राहू दे. हेच बरं आहे,” तिबो म्हणाला. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच आन्सेल्मला सोसवेना.

तिबोनं आणखी दोन वाडगे रिकामे केले. मग सोलांजनं पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि आन्सेल्मकडे पाहिलं.

परतताना गाडीत ती म्हणाली, “त्यानं तुझं नाव सांगितलं असतं, तर उद्यापासून घरी बसला असतास.”

“तुझ्यासाठी गप्प बसला तो.”

“हो, माझ्यासाठीच. आजवर मी नुसतं काम करत होते रे. आज तो मला खरंच आवडला.”

सकाळी सेटवर पोचताच ती मधाची बाटली घेऊन तिबोच्या माडीवरच्या खोलीकडे निघाली; त्याचा घसा बसला होता. कोमट पाणी आन्सेल्मनंच आणून दिलं.

“आधी तू घोट घे,” ती म्हणाली.

त्यानं घेतला. ती आत गेली, दार लागलं. आतून दोघांचं हसणं ऐकू आलं. पुढच्या दृश्याचं टेबल मांडायला तो खाली गेला आणि तिबोच्या जागेवर त्यानं स्वच्छ पुसलेला वाडगा ठेवला.