चार नंबरची खूण

जावई घरी येतो तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येतो, ही लाँड्रीवाल्या बाईंची तक्रार आता दीड वर्षाची झाली होती. जेवायला बसला की ताटाशेजारी ती बाटली उभी करायचा, जणू सासूने माठात विष कालवलंय. बाई हे मुलीला ऐकवायच्या, कामाच्या बायांना ऐकवायच्या, कुणीच नसलं तर इस्त्रीला ऐकवायच्या.

"आई, त्यांचं पोट नाजूक आहे," मुलगी म्हणायची. ती रोज दिवसभर आईच्या हाताखाली कामाला यायची.

"पोट कसलं नाजूक. नाक वर आहे."

जावई पाणी तपासणारा. खाणीने नेमलेल्या एका कंपनीत होता. दर बुधवारी ओढ्यावर पाच ठिकाणी बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, पेटीत घालून पाठवून द्यायच्या, एवढं त्याचं काम. पाचही ठिकाणी दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते. त्यातला चार नंबर बाईंच्या कुंपणाला लागूनच.

दोन वर्षांपूर्वी टेकडीखालचा कोळसा संपला आणि खाणीने आतले आधारही काढून घेतले. वरची जमीन वीतभर बसली. बाईंच्या घरात एवढंच झालं की स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं. ओढ्याच्या तळाला मात्र वरच्या अंगाला भेग पडली. खाली पाणी यायचं ते तांबूस आणि करंगळीएवढं, आणि बरेचदा तेही नाही. ओढ्याच्याच झिरपावर भरणाऱ्या बाईंच्या विहिरीला पाणी राहिलं, पण ते पूर्वीचं नव्हतं. बादलीत काढलं की काचेसारखं, तासभर टबात ठेवलं की चहासारखं. ब्लीच घातलं तर पिवळेपणा निघायच्या ऐवजी कापडात मुरून बसायचा.

इस्पितळाच्या चादरी चाळीस वर्षं बाईंकडे होत्या. बाईंच्या चादरीवर डाग शोधायचा तर आधी चष्मा पुसून घ्यावा लागतो, असं तिथली मेट्रन म्हणायची. त्याच मेट्रनने यंदा तीन गठ्ठे परत पाठवले. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. घड्या मात्र अशा घातलेल्या की डाग वर यावेत. मग डाग थांबवा नाहीतर काम काढून घेऊ, अशी इस्पितळाकडून एक महिन्याची मुदत आली. बाईंनी खाणीकडे अर्ज केला, की चांगल्या पाण्याचा एक नळ द्या, बाकी काही नको.

उत्तर मंगळवारी आलं. बाईंना अक्षरं लावून लावून वाचावं लागे, म्हणून मुलीने वाचलं. चार नंबरच्या खुणेवरचं पाणी सलग सोळा महिने चांगलं आढळलं आहे. डाग साबणामुळे किंवा धुण्याच्या पद्धतीमुळे असावेत. नळ मंजूर करता येत नाही. खाली तारखांची लांबलचक यादी.

"तारखा वाच."

मुलगी वाचत गेली. गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला बाईंनी तिला थांबवलं.

"त्या दिवशी आपण ओढ्यात चादरी वाळत घातल्या होत्या."

ओढा इतका कोरडा होता की पात्रातच बांबू रोवून दोऱ्या बांधल्या होत्या. जावई तिथूनच गेला होता. वाटेतली चादर हाताने वर धरून, खालून वाकून.

बुधवारी बाई त्याच्या मागोमाग निघाल्या.

"आई, तुम्ही कशाला? पाय दुखतील."

"दुखू देत. माझेच आहेत."

चार नंबरपाशी तो थांबला नाही. वळण ओलांडून, झाडीतून चढून भेगेच्या वर गेला. तिथे ओढा भरून वाहत होता. पुढे एका सपाट खडकावरून पाणी तिरकं होऊन भेगेत उतरत होतं, काही आवाज न करता. घरातलं माणूस उठून आतल्या खोलीत जावं तसं. जावई उकिडवा बसला, बाटली भरली, चिठ्ठीवर चार लिहिलं. तेवढा आकडा बाईंना लांबूनही वाचता आला.

"हे चार नंबर?"

त्याने मागे पाहिलं नाही. "पहिल्यांदा खुणेवरचंच भरलं होतं. साहेबांनी परत पाठवलं, म्हणाले जागा चुकली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ओढा कोरडा होता, मी रिकामी बाटली नेली. ती घेतच नाहीत. कोरडा असं लिहायला त्या कागदावर जागा नाही, आई."

"मग तुम्ही जागा शोधलीत."

"चौथ्यांदा कुणी काही बोललं नाही."

बाईंनी राग यायची वाट पाहिली. आला नाही. अंगाखाली दबलेला हात जागचा न हलावा, तसं आत काहीतरी पडून होतं.

"आणि माझ्या घरचं पाणी?"

"लोखंड आहे त्यात. आणखीही आहे. एकदा माझ्यापुरतं तपासून घेतलं होतं."

"तुमची बायको दिवसभर तेच पिते."

"तिला रोज बाटली देतो. ती उघडत नाही. म्हणते, आईला वाईट वाटेल."

बाई दगडावर बसल्या. पाणी भेगेत जात राहिलं. जावयाने बाटली ओतून टाकली.

"आज खाली जाऊन खरं भरतो."

"एक बाटली सोळा महिन्यांसमोर काय बोलणार? म्हणतील, जागा चुकली."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नका, सोळा महिने विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मला धुता येत नाही असं आता कागदावर आलंय, आणि ते माझ्या घरच्या माणसाच्या हाताने आलंय. इस्पितळाचं काम मी उद्या स्वतः जाऊन परत करते. त्यांनी काढून घेण्याची वेळ मी येऊ देणार नाही. तुम्हाला चोरही म्हणता येत नाही, जावईबापू. चोर निदान पळून जातो. तुम्ही दर बुधवारी माझ्याकडे जेवायला बसलात. माझ्या मुलीला हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आजच. तिने तुम्हाला ठेवलं तर मीही ठेवीन, ताट वाढीन. पण मला आई म्हणायचं तेवढं आजपासून बंद करा."