चोवीस पावलांचं ग्राउंड

"दोन मॅचा, दोन्हीबी हारल्या! मी म्हन्तो, नजरच लागली पोट्ट्यायले," भाकरीचा तुकडा मोडता मोडता देवरावनं निकाल देऊन टाकला. देवराव म्हणजे शाळेचा चौकीदार. फाटक सोडून त्याला जगातलं सगळं कळायचं.

"नजर कायची लागते गा?" अंजनाबाई फणकारली. "वैजूचा हात दुखून राह्यला. चेंडू टाकनाऱ्या पिचरचा हात गेला का टीम बसली. तुले पिचर म्हंजे काय ते तरी मालूम हाये का?"

मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली हे रोजचंच होतं. नागपुरात गल्लोगल्ली क्रिकेट चाले, पण अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या डिसेंबरात मुलींच्या या शाळेला वेड होतं सॉफ्टबॉलचं. मुसळासारखी गोल बॅट, मोसंबीएवढा चेंडू. तो हाणायचा आणि चार बेसांना फेरी घालून निघालो तिथेच, 'होम'वर, परत यायचं. मागच्या वर्षी शाळा जिल्ह्यात दुसरी आली होती. यंदा मोसमाची सुरुवातच अशी झाली की डबे खाली होत, पण चर्चा संपत नसे.

अंजनाबाई शाळेची शिपाईण. घंटा वाजवायची, माठ भरायची, मुलींचे रडणारे डोळे पुसायची. पण तिला विचाराल, तर तिचं खरं काम फक्की मारण्याचं. दूध पावडरच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यात चुन्याची पांढरी फक्की भरायची आणि ग्राउंडवर रेघा ओढायच्या. शाळेचा टेप उंदरांनी खाल्ला त्याला चार वर्षं झाली. तो खाल्ला जाण्याआधी तिनं एकदा मोजून घेतलं होतं: या बेसपासून त्या बेसपर्यंत साठ फूट, म्हणजे तिची चोवीस पावलं. नंतर टेपची गरजच पडली नाही. "माह्या पायात टेप हाये," असं ती म्हणायची, आणि प्रेमलताबाईसुद्धा, ज्या कवायतीच्या बाई होत्या आणि हा खेळ एका पुस्तिकेतून शिकल्या होत्या, हसून मान डोलवायच्या.

बाहेरच्या मॅचला मुलींसोबत एक बाईमाणूस लागतं. तो मान दर वर्षी अंजनाबाईचा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्याभोवती पोरींचा गराडा पडायचा. "सांग ना वं मावशी, मंग काय झालं?" मग ती पदर खोचून सांगायची. तेवढ्या वीस मिनिटांत ती शिपाईण नसायची. नवरा गेल्यावर भिवापूरहून एकटी आलेली विधवा नसायची. तिच्या तोंडाकडे दीडशे डोळे लागलेले असायचे.

आणि यंदा मधेच ही सिंधूताई उगवली.

सिंधूताई फाटकापाशी बोरं, पेरू, फुटाणे विकायची. वय पस्तिशीचं, पाय वाऱ्यासारखे. यंदा तिनं टोपली शेजारणीच्या हवाली करून दोन्ही मॅच पाहिल्या होत्या, त्याही आपल्या पायांनी चालत जाऊन! आणि सांगायची कशी? बॅट म्हणून हातात ऊस धरायची, धावायची, पडायची, अंपायरचा आवाज काढायची. कालच पोरी कडुनिंबाखालून उठून फाटकाकडे पळाल्या होत्या. अंजनाबाई डबा हातात धरून तशीच बसून राहिली होती. घास गिळताना तिला वाटलं, भाजीत मीठ जास्त पडलंय. मीठ बरोबर होतं.

आज तर सिंधूताई थेट आतच आली.

"हात नाई दुखून राह्यला तिचा," ती देवरावच्या बाजूला टेकत म्हणाली. "मी दोन्ही मॅचा पायल्या. आपल्या पोट्ट्या धावतेत बरोबर, पन बेस गाठाले घसरतेत आधीच. बेस चार हात दूर असते अन् ह्या मातीत लोळून मोकळ्या! धंतोलीच्या ग्राउंडवर तीन पोट्ट्या अशाच आऊट झाल्या. आपलं ग्राउंड आखूड हाये, त्याचीच सवय लागली त्यायले."

अंजनाबाईनं डबा खाली आपटला.

"काय म्हनलीस?" अंजनाबाईचा आवाज चढला. "बोरं इकता इकता इंजिनेर झाली काय वं तू? चार वर्षं मी आखून राह्यली ग्राउंड! मागच्या साली दुसरा नंबर कोनाच्या ग्राउंडवर खेळून आला?"

"मागच्या सालचं मी नाई म्हनत, बाई. मी यंदाचं म्हनतो."

"फाटकाच्या भायेर बस तू. शाळेच्या आत कायले येतं?"

सिंधूताई उठली, लुगडं झटकलं आणि निघून गेली. देवरावनं भाकरीत तोंड खुपसलं. अंजनाबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यात प्रेमलताबाईंचा निरोप आला: गुरुवारी काटोलला मॅच, बसमध्ये जागा कमी, सोबत एकच बाई नेता येईल, कोण ते सोमवारी सांगते. कोण ते? चार वर्षांत हा प्रश्नच कधी निघाला नव्हता!

शनिवारची रात्र तिनं कूस बदलण्यात काढली. उजवा गुडघा ठणकत होता. दिवाळीपासून तो असाच ठणकायचा. जिना चढताना ती कठडा धरायची, पण कुणी पाहत नाही ना, हे आधी पाहून.

रविवारी भर दुपारी ती रिकाम्या शाळेत आली. पिशवीत ट्रंकेतलं कोरं लुगडं होतं. दुकानदारानं तिच्या डोळ्यांसमोर मोजलेलं, नऊ वार. साठ फूट म्हणजे वीस वार. म्हणजे दोन लुगडी आणि वर दोन वार, एवढा हिशेब तिला येत होता. 'दाखवतोच तिले,' ती पुटपुटली. होमवर दगड ठेवून तिनं पदराचं टोक दाबलं आणि लुगडं सरळ ताणत नेलं. पहिल्या टोकाशी खूण केली. तिथून परत ताणलं.

दुसरं टोक बरोबर बेसवर येऊन पडलं.

तिनं पुन्हा मोजलं. मग दुसरीकडून मोजलं. चारही बाजूंनी तेच. वरचे दोन वार टाकायला जागाच उरत नव्हती. दोन वार, म्हणजे चार हात. ज्या चार हातांसाठी वैजू मातीत लोळली होती, गुडघे फोडून घेऊन रडली होती, आणि अंजनाबाईनंच तिला हळद लावून दिली होती.

लुगड्याला धूळ लागली होती. ती तिथेच मैदानात बसली. कुणाला कळायचं कारण नव्हतं. उद्या गुपचूप बेस मागं सरकवले असते, तर पोरींना फार तर वाटलं असतं, आज जरा जास्तच दम लागला. सिंधूताई जन्मभर खोटी ठरली असती. हा विचार इतका गोड होता की तिनं तो बराच वेळ चघळला.

सोमवारी सकाळी ती फाटकाशी गेली.

"ए, इकडं ये. हे टोक धर."

सिंधूताईनं लुगड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मले तं भायेर बसाले सांगतलं व्हतं न?"

"धर म्हन्तो न! टोमने मंग मार."

दोघींनी मिळून चारही बाजू मोजल्या. सिंधूताई टोक घेऊन पुढं पळायची, अंजनाबाई दगड ठेवून बसायची. बेस मागं सरले, नवी फक्की पडली. सराव सुरू झाला तसा पोरींचा गोंधळ उडाला. वैजू पहिल्या बेसच्या अलीकडेच घसरून थांबली आणि धुळीतून ओरडली, "मावशी, आज बेस पळून गेला काय वं?"

प्रेमलताबाईंनीही वळून पाहिलं.

"बेस नाई पळाला," अंजनाबाई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल, असंच म्हणाली. "माहे पाय आखूड झाले. गुडघा दुखते दिवाळीपासून. म्या कोनाले सांगतलं नाई. ग्राउंड म्याच लहान केलं, पोट्ट्यांनो. हिनं पायलं, म्या नाई."

कुणी हसलं नाही. वैजूनं उठून कपडे झटकले. "तुहा गुडघा दुखते अन् तू पानी भरतं?" एवढंच ती म्हणाली.

प्रेमलताबाईंनी तिला बाजूला घेतलं. "अंजनाबाई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण काटोलला या वेळी सिंधूताईला नेते. तिची नजर खेळावर असते. आणि तुमच्या गुडघ्याला बसमधले हादरे नकोत."

"जी," अंजनाबाई म्हणाली. मग ती माठाकडे वळली.

गुरुवारी सकाळी बस निघाली. खिडकीतून सिंधूताईनं हात हलवला; इस्त्रीचं पातळ नेसली होती, मेलीनं केसांत शेवंतीसुद्धा माळली होती! अंजनाबाईनं दिवसभर घंटा वाजवल्या. चौथ्या तासाची दोन मिनिटं आधीच वाजली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. शाळा जिंकली होती, नऊ विरुद्ध सहा, हे सकाळीच सगळ्यांना कळलं होतं. पण कशी जिंकली? सिंधूताई मधे उभी, हातात ऊस. पाचव्या डावापर्यंत सांगून झालं होतं. दोघी बेसवर, वैजू बॅटिंगला, आणि इथेच सिंधूताई थांबली. मुद्दाम थांबली. अशा ठिकाणी थांबायचं असतं, हे अंजनाबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती गर्दीच्या कडेला उभी होती, हातात माठावरचं झाकण. आत जळत होतं, अजूनही. दोन्ही मॅचांत घसरून पडलेली पोर काटोलच्या त्या परक्या ग्राउंडवर बेसपर्यंत पोचली का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. उभं राहून राहून गुडघा भरून आला, तशी ती पोरींना जरा सरकवून खाली, त्यांच्यातच बसली. सिंधूताईचं तिच्याकडे लक्ष गेलं. ऊस हवेतच राहिला.

"मंग?" अंजनाबाई म्हणाली. "मंग काय झालं वं?"