पोचेरावांचा पोचा

मी एक जुने धान्याचे माप आहे. अंगाने लोखंडी पत्रा, दोन कड्या आणि पोटाला एक भलामोठा पोचा. म्हणून घरात मला 'पोचेराव' म्हणतात.

मित्रांनो, लोहाराने घडवले तेव्हा मी गरगरीत गोल होतो. आठवडा झाला नाही तोच बैलाने माझ्यावर पाय ठेवला. आजोबा तेव्हा ऐन तिशीत होते. त्यांनी बैलाला चार शिव्या दिल्या आणि मला तसेच वापरायला घेतले. वरच्या शेताला बारा मापे बी. ते हाताने फेकून पेरत आणि शेवटच्या मुठीला बरोबर बांध यायचा. झोळीत दाणा उरत नसे. पन्नास वर्षे हेच चालले. त्या हाताचे कौतुक व्हायचे. माझे कोणी नाव काढत नसे.

यंदा आजोबा आठ दिवस बहिणीकडे गेले आणि विज्ञान शिकलेली नात सुट्टीला आली. तिने माझ्यात पाणी ओतले, मोजले, वहीत लिहिले.

"काकू, हे माप दहावा हिस्सा कमी भरतं!"

"भरू दे की. तक्रार कोणाची आहे?"

"माझी!"

लोहाराने पोचा ठोकून काढला. खोटे कशाला बोलू, मी फुगलो. दोन्ही अर्थांनी.

आजोबा परतले त्या सकाळी काकूंनी घरीच बारा मापे मोजून पोते शेतात नेले. आजोबांनी पेरणी केली. बांध आला, तरी झोळी जड. ते मटकन बांधावरच बसले.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "विरळ पडलं बी. उद्यापासून यंत्रवाल्याला बोलवा."

त्यांनी झोळी काढून काकूंच्या हातात दिली. पन्नास वर्षांत ती कधी दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. माझा पत्रा गार पडला.

माझा नवा गोलपणा आजोबांना दाखवायला नात मला काखोटीला मारून धावतच आली होती. तिने उरलेले बी माझ्यात ओतले: एक माप भरले आणि वर थोडे राहिले. तिने वही उघडली.

"आजोबा, हात नाही चुकला. मी चुकले. पोचा काढला ना, म्हणून प्रत्येक मापात थोडं जास्त गेलं. बारा वेळा. तेवढंच उरलंय, बघा!"

आजोबांनी मला उलटेसुलटे करून पाहिले. "पोचेरावांचं हे काय केलंस गं? ओळखूच येईनात!"

"बारात थोडं कमी करून सांगते ना, सोपं गणित आहे."

"गणित तुझ्याजवळ ठेव. माझा पोचा मला दे."

पोचा पाडायला आताच्या बैलाला आणले. त्याने मला हुंगले आणि तो चरायला निघून गेला. शेवटी नातीनेच हातोडी घेतली. एक ठोका, पाणी ओत, वही बघ, पुन्हा ठोका. एकदा जास्तच बसला, तो आतून काढावा लागला. संध्याकाळी वहीतला आकडा जुळला.

दुसऱ्या दिवशी झोळी पुन्हा आजोबांच्या खांद्यावर होती. खालच्या शेताच्या बांधाशी ती रिकामी झाली. आजोबांनी ती उलटी करून सगळ्यांसमोर झटकली, मुद्दाम दोनदा.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, ऊन दाखवा, अडगळीत टाकू नका. आणि पोचा काढायची फारच हौस आली, तर आधी तो किती वर्षांचा आणि कोणाच्या कामाचा, हे विचारून घ्या.