पुकाऱ्यातला एक शब्द

आज डोरीनच्या लग्नाचा तिसरा आणि शेवटचा पुकारा! लग्नाआधी तीन रविवार पाद्री चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचून कुणाची हरकत आहे का विचारतात, तो हा पुकारा. यॉर्कशरमधल्या त्या गिरणीच्या गावात आपलाच पुकारा आपण ऐकणं अशुभ समजत. पण तिला घरी बसवेना, म्हणून मावशीला घेऊन ती चर्चमध्ये आली होती.

शेजारच्या मिसेस इबटसननं कुंपणावरून धमकावलंच होतं, "पाद्री तुला 'स्पिन्स्टर' म्हणणार आणि मी ऐकून घेणार होय? एकोणिसाव्या वर्षी पोर झालं तुला! तिसऱ्या पुकाऱ्याला हरकत घ्यायला मी उभी राहते की नाही बघ!"

डोरीन रडतच मावशीकडे धावली होती. नेटामावशीनं मागावर चाळीस वर्षं काढलेली; तोंडाची फटकळ. "अगं वेडे, स्पिन्स्टर म्हणजे जिचं लग्न झालेलं नाही ती. एवढंच! तो काय चारित्र्याचा दाखला आहे? तुझ्या नवऱ्या मुलाला, स्टॅनलीला 'बॅचलर' म्हणतात, तेव्हा त्याची कुणी चौकशी करतं का? पण त्याला हे दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. तूच सांग."

तिनं काल सांगितलं. मुलगी झाली, घरच्यांनी ती दत्तक देऊन टाकली, सगळं. स्टॅनलीनं टोपी उचलली आणि तो निघून गेला.

"बॅचलर स्टॅनली आणि स्पिन्स्टर डोरीन," पाद्री वाचत होते, "यांच्या लग्नाला कुणाची हरकत असेल, तर सांगावी."

बाक करकरला. मिसेस इबटसन उभी!

"ही कसली स्पिन्स्टर!"

"तिचं आधी लग्न झालंय?" पाद्रींनी विचारलं.

"लग्न नाही, पण..."

"मग स्पिन्स्टरच. बसा खाली."

मिसेस इबटसन बसली. पण स्टॅनलीनंच पाठ फिरवली असेल, तर हा पुकारा काय कामाचा, असं डोरीनला वाटत राहिलं.

उपासना संपल्यावर ती बाहेर आली, तर तो चर्चच्या फाटकापाशी उभा होता, टोपी चुरगाळत.

"काल मी तसाच निघून गेलो. चुकलंच माझं," तो म्हणाला. "तुझ्या मुलीचं नाव काय ठेवलं होतंस?"

बावीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं!

"रूथ," ती म्हणाली आणि हमसून रडू लागली. त्यानं तिचा हात घट्ट धरला.

मंडळी, बाईचं लग्न झालंय की नाही, एवढंच तो शब्द सांगतो. त्यावरून तिची अब्रू तोलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?