म्हातारीला रोज एक दम

नवऱ्याबद्दल चारचौघांत वाईट बोलू नये असं मला शिकवलेलं आहे. म्हणून बोलत नाही, लिहिते.

लग्न झाल्यापासून आमच्या ह्यांनी माझी पाठ एकदाही चेपून दिलेली नाही. पण घरात एक छऱ्यांची बंदूक आहे, सासऱ्यांच्या वेळची, लाकडी दस्त्याची, पंप मारून हवा भरायची. तिचं अंग पुसायला वेगळं फडकं, आणि ते फडकं धुवायला वेगळा साबण. पाहुण्यांसमोर मला "अगं ए" म्हणतात आणि तिला "म्हातारी". कपाटातून काढताना "चल म्हातारी, ऊठ" असं इतक्या मायेनं म्हणतात की सुरुवातीला मला वाटायचं, सासूबाई परत आल्या की काय.

सासरे जाताना दोन्ही मुलांना सांगून गेले, "ज्याच्या घरात ही चालेल, त्याच्याकडे राहील." तेव्हापासून धाकटे भाऊजी दर वर्षी सुट्टीत येतात, मागच्या अंगणात भिंतीपाशी पत्र्याचा डबा ठेवतात, हे पाच पंप मारतात आणि डब्याला भोक पाडतात. ज्या वर्षी पडणार नाही, त्या वर्षी बंदूक भाऊजींची. जाऊबाईंनी तिच्यासाठी दिवाणखान्यात काचेचं कपाट करून ठेवलं आहे, आत दिवासुद्धा बसवलाय. बंदूक अजून गेलेली नाही, पण दिवा रोज लागतो.

यंदा ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. इस्पितळात जायच्या दिवशी मी गाडीत पिशव्या ठेवत होते, तेवढ्यात ह्यांनी दारात सुनेला बाजूला घेतलं. सून घरात नवीन, मुलगा फिरतीच्या नोकरीवर. ह्यांच्या कपाटात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि ती उघडून बघणाऱ्यातली नाही. हे तिला म्हणाले, "मी नसताना म्हातारीकडे लक्ष ठेव. रोज एक दम द्यायचा. एकच, जास्त झाला तर फाटेल. दोन थेंब तेल. ओलीत जाऊ द्यायची नाही. आणि उभी ठेव, आडवी नको."

आता बंदुकीला दम देणं म्हणजे एक पंप मारून थोडी हवा आत ठेवणं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. सुनेला कुणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातून आत आले तर ही समोर उभी. भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, पाय पुसून आत यायचं. पुन्हा सांगणार नाही." एवढं बोलली आणि स्वतःच घाबरून स्वयंपाकघरात पळाली.

मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. मग मी आत जाऊन तिला असा काही दम भरला की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन आली. माझ्या एका गुडघ्यावर एक थेंब, दुसऱ्यावर एक.

"एवढंच?" मी विचारलं.

"बाबांनी दोनच सांगितलेत."

खोटं कशाला बोलू, मी जरा विरघळले. इतक्या वर्षांनी ह्यांना माझे गुडघे आठवले असं वाटलं. पण दुपारची झोप गेली ती गेलीच. डोकं टेकलं रे टेकलं की ही दारात. "आई, आडवं पडायचं नाही." कपडे धुवायला बसले की, "आई, ओलीत जायचं नाही." आणि रोज सकाळी एक दम, ठरलेला. पुढे पुढे तिचा आवाजही चढायला लागला. मी लेकीला फोन करून सांगितलं, गरीब गाय म्हणून आणली होती, हिला शिंगं फुटली.

ह्यांची जखम चिघळली, मुक्काम लांबला. घरी आले तेव्हा पोटाला पट्टा होता आणि वजन उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले, "म्हातारीला दम दिलास ना?"

"रोज दिला बाबा," सून हळूच म्हणाली. "सुरुवातीला जड गेलं."

"जुनी आहे ना. नंतर सवय होते."

"पण मी एक दिला की त्या चार देतात."

हे थांबले. "कोण देतं?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"तेल कुठे घातलंस?"

"गुडघ्यांना."

"कुणाच्या?"

"आईंच्या," सून म्हणाली. मग आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहता पाहता तिच्या काहीतरी लक्षात यायला लागलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. "त्यांना आडवंही पडू दिलं नाही, बाबा."

मला हसू फुटलं. ह्यांना नाही फुटलं. त्यांनी कपाट उघडायला लावलं, बंदूक बाहेर काढायला लावली, सुनेला पंप मारायला सांगितला. नळीखालचा दांडा खाली ओढून परत मिटायचा, तो एक पंप. पाचही पंप लोण्यात सुरी जावी तसे गेले. चाप ओढला तर नुसतं फुस्.

"महिनाभर दम नाही," हे म्हणाले. "आतलं चामडं वाळलं. उद्या तो येतोय. माझ्या बापाची वस्तू तुझ्यामुळे चालली."

पोरगी पदरानं नळी पुसत राहिली, ती पुसून झाली होती तरी.

माझं विचाराल तर ती पीडा घरातून गेली असती तर मी सुस्कारा सोडला असता. पण जाऊबाईंच्या दिव्याखाली नाही. आणि माझ्या सुनेला बोल लावून तर मुळीच नाही. तिला बोलायला मी आहे.

हे गोळी घेऊन झोपल्यावर मी सुनेला बोलावलं. ताटात जुनं कापड अंथरलं. ह्यांना बंदूक उघडताना आयुष्यभर बघितलंय, जणू देवघर उघडतात. खीळ काढली, दांडा ओढला, आणि त्याच्या टोकाला काय निघालं? चामड्याची वाटी. स्टोव्हच्या पंपात असते तीच, जरा मोठी. स्टोव्हवर मी उभा संसार शिजवला. वाटी सुकली की तेलात भिजवायची, बोटानं कडा फाकवायच्या, तोंड हवेच्या बाजूला ठेवून बसवायची.

इथं वाटी थोडी सुकली होती, पण मेली नव्हती. ती बसली होती उलटी. तोंड मागे, पाठ हवेकडे. अशी बसवल्यावर जगातल्या कुठल्याही पंपात हवा भरत नाही, मग दम रोज द्या नाहीतर तासाला द्या. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ह्यांनीच ती उघडून साफ केली होती.

सुनेला त्यातलं कळलं नाही. तेव्हा मी सांगितलंही नाही. शिलाई मशीनच्या तेलात वाटी भिजवली, कडा फाकवायला तिच्याच हातात दिली. बोटं बारीक आहेत तिची, घाई करत नाही. सरळ बसवून घेतली. पाचवा पंप मिटताना तिला दोन्ही हात लावावे लागले, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

सकाळी भाऊजी आले. जाऊबाईंनी कापडाची लांब पिशवी शिवून आणली होती, बंदूक न्यायला. डबा भाऊजींनी स्वतः ठेवला.

"दादा मारणार कसा? पोटाला पट्टा आहे," भाऊजी म्हणाले.

"सून मारेल," मी म्हटलं. "मामंजी 'ज्याच्या घरात' म्हणाले होते. 'ज्याच्या पोटात' नाही."

सुनेनं पाच पंप मारले, नेम धरला. हे डोळे मिटून बसले. टण् असा आवाज झाला. डबा हलला नाही.

"लागला, पण नुसता वरून," जाऊबाई म्हणाल्या आणि पिशवीची नाडी सोडायला लागल्या.

मी जाऊन डबा उचलला. हाताला लागला तो वजनदार. पालथा केला तर आतून मूठमूठ खडी पडली, आणि खडीत चपटा झालेला छर्रा. पत्र्याला सरळ भोक.

"भाऊजी, ही खडी डब्यात उगवली का?"

"वाऱ्यानं पडू नये म्हणून, वहिनी," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले.

वारा नव्हता. पण मी चहा टाकला आणि विषय वाढवला नाही. जाऊबाई रिकामी पिशवी घडी घालून घेऊन गेल्या.

ती मंडळी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ह्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वाचली. नाहीतर पोरीनं घालवलीच होती."

सून आत भांडी आवरत होती. मी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले आणि आवाज तेवढाच ठेवला.

"वाटी उलटी तुम्ही बसवली होतीत. डोळे गेलेत तुमचे, ते कबूल करत नाही आणि बोल पोरीला लावता. भाऊजींसमोर तुमची लाज राखली, तिच्यासमोर राखणार नाही. आता उठा, आत जा आणि 'चूक माझी होती' एवढं तिला तुमच्या तोंडानं सांगा. बंदूक आजपासून ती सांभाळेल. तुम्ही शेजारी बसायचं, आणि ती मागेल ते हातात द्यायचं."