काथ्याची परीक्षा

सुतारकाकांनी दीड वर्षापूर्वी गच्चीच्या कठड्यावर पाच निरनिराळ्या लाकडांच्या पट्ट्या समुद्राकडे तोंड करून टांगल्या होत्या आणि रोज त्यांची विचारपूस चालवली होती. एवढी माया जावयाच्याही वाट्याला आली नव्हती. खारा वारा कुठलं लाकूड आणि कुठला स्क्रू पचवतो, याची ती परीक्षा. निकाल आज चारला. किनाऱ्यावरच्या हॉटेलाच्या मॅनेजरबाई येणार. पट्टी पसंत पडली, तर अंगणातली चाळीस बाकं काकांची. नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

पावणेचारला काका वर गेले आणि किंचाळलेच, "अगं ए, पट्ट्यांमागची नावं कुठं गेली?"

"त्या पेन्सिलीच्या रेघोट्या?" काकू जिन्यातून म्हणाल्या. "पाहुणी येणार म्हणून घासल्या मी. साबण लावून, काथ्याने. तीनदा."

"तीनदा!"

"मळ काय कमी होता?"

पाचही पट्ट्या सारख्याच राखाडी. जन्म दिलेल्या झाडालाही ओळखता आल्या नसत्या. काकांनी धावत जाऊन रंधा आणला. पहिल्या पट्टीच्या टोकावर फिरवून सालपट हुंगलं. अं हं. दुसरी, तिसरी... चौथीला चामड्यासारखा तेलकट वास!

"सागवान! सापडलं!" काका असे गरजले, की वर येणाऱ्या मॅनेजरबाई दोन पायऱ्या खाली गेल्या.

"बघायला बोलावलंत की घाबरवायला?"

"हुंगायला!" काकांनी सालपट त्यांच्या नाकाखाली धरलं.

"वास झकास," बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे बाकं रोज साबणाने घासतात. आधीची वाऱ्याने नाही, घासण्यानेच गेली."

काकांचं अवसानच गळालं. दीड वर्षाच्या परीक्षेत हा पेपर घ्यायचा राहूनच गेला होता.

काकू मात्र पदर खोचून पुढे आल्या. "रंधा लागला नाही तिथं हात फिरवा. ही पहिली, ह्यांच्या हनुवटीसारखी खरखरीत. तिसरीत लोखंडी स्क्रूभोवती काळे ओघळ. आणि ही चौथी, पितळी स्क्रूंची. आहे एक तरी कुसळ वर आलेलं? माझ्या हाताखालून गेलीय ती. तीनदा!"

"हिच्या हातून आमची पातेलीही वाचलेली नाहीत," काका भक्तिभावाने म्हणाले.

बाईंनी दोनदा हात फिरवला. "ह्याच लाकडाची करा. स्क्रूही हेच. चाळीस."

काकांनी आनंदाने काकूंनाच टाळी दिली. नमुन्याचं बाक आठवड्यात तयार झालं. लाकडाचं नाव या खेपेला छिन्नीने कोरलं होतं. पण काकांनी बाक लगेच धाडलं नाही. आधी काकूंच्या हातात काथ्या दिला.